घाटात आवाज कुणाचा?

रविवारची सकाळ, बोरघाटाची वळणं, गरम वडापाव आणि पेट्रोलवर जीव टाकणारी मंडळी. त्यांच्या कट्ट्यावर सध्या एकच प्रश्न फिरतोय : इलेक्ट्रिक घ्यायची का, राव?

रविवारी सकाळी सहा वाजता तुम्ही कुठे असता? गादीत. आणि त्यात काही चूक नाही. पण त्याच वेळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, सोमाटणे फाट्याच्या पुढे, एक वेगळीच जमात जागी असते. जपून ठेवलेली होंडा सिटी व्हीटेक, रुंद टायर चढवलेली स्विफ्ट, लालभडक पोलो, कधीमधी कुणाच्या तरी बाबांची कॉन्टेसासुद्धा. काचा खाली आणि म्युझिक सिस्टिम बंद. बंद का? तर इंजिन ऐकायचं असतं!

या मंडळींना लोणावळ्याची चिक्की नको असते. भुशी डॅमची गर्दी नको, टायगर पॉइंटची मॅगी नको. यांना हवा असतो फक्त रस्ता, आणि तोही ठरावीक. खंडाळा सोडला की जुना रस्ता थोडा वेळ एक्स्प्रेस-वेच्या गर्दीत मिसळतो, मग त्याच्यापासून सुटून शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोलीला उतरतो. अंतर म्हणाल तर बारा-तेरा किलोमीटर. पण वर लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर आणि खाली खोपोली जेमतेम साठ मीटरवर. एवढ्याशा अंतरात साडेपाचशे मीटरचा उतार! गाडी कशी आहे आणि चालवणारा कसा आहे, दोन्ही इथे कळतं.

पुण्याला गाड्यांचं वेड असणं तसं साहजिकच. पिंपरीत टाटा, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, रांजणगावला आधी फिएट आणि आता तिथेच टाटाची नेक्सॉन. १९६६ साली स्थापन झालेली, सगळ्यांच्या गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय तर आपल्या वेताळ टेकडीवर. इथल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी काका असे असतात, जे लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत तुम्हाला टॉर्क म्हणजे काय ते समजावून सांगतात.

अशा गावात पूर्वी इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढलं की लोक हसायचे. २००१ मध्ये बंगलोरची रेवा बाजारात आली तेव्हा आमच्या कट्ट्यावर तिचं नाव ‘मिक्सर’ पडलं होतं. ती रेवा बनवणारी कंपनी २०१० मध्ये महिंद्राने घेतली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच महिंद्राने बीई ६ आणली. बनते चाकणला. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये २८६ हॉर्सपॉवर, सगळी ताकद मागच्या चाकांना. हा आकडा ऐकल्यावर आता कुणी हसत नाही. लोक गप्प बसतात आणि घरी जाऊन ईएमआय कॅल्क्युलेटर उघडतात.

पार्किंग एक, गाड्या दोन

आमच्या ग्रुपमधला एक जण आहे. त्याला आपण पोलोवाला म्हणू, कारण सगळे तेच म्हणतात. २०२० ची एक लिटर टीएसआय, ११० हॉर्सपॉवर, सहा गिअर, मॅन्युअल. लग्नाच्या आधी, लॉकडाऊनमध्ये, घरच्यांचा विरोध असताना स्वतःच्या पैशाने घेतलेली. चाकणमध्ये बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे आता विकली की विकली. शोरूममध्ये जाऊन ‘तशीच दुसरी द्या’ म्हणता येणार नाही.

पण पोलोवाला आता चौतीस वर्षांचा आहे. राहतो बाणेरला, ऑफिस खराडीला. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, त्यातले निम्मे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. संध्याकाळी घरी आला की डावा पाय सोफ्यावर ठेवून बसतो. ज्या क्लचवर त्याचं रविवारी प्रेम असतं, त्याच क्लचला तो सोमवार ते शुक्रवार शिव्या घालतो. मुलगी दोन वर्षांची आहे. फ्लॅटला पार्किंग एकच. त्याच्या बिल्डिंगमध्ये दुसरं पार्किंग पैसे देऊनही मिळत नाही आणि रस्त्यावर गाडी लावायला त्याचं मन होत नाही.

तेव्हा प्रश्न पेट्रोल चांगलं की इलेक्ट्रिक चांगली असा नाहीच. पोलो जाणार की राहणार, एवढाच आहे. नवीन गाडी यायची तर जुनीने जागा सोडली पाहिजे. तुमच्यापैकी अनेकांचं हेच असणार.

ग्रुपमधल्या सीएने गेल्या वर्षी बीई ६ घेतली. तोच म्हणाला, “अरे, रिव्ह्यू बघून किती दिवस काढणार? रविवारी घाटात चल. जाताना तू माझी चालव, मी तुझी.” मी मध्ये, कधी या गाडीत तर कधी त्या गाडीत. त्या दिवशी घाट चार वेळा झाला. दोनदा उतरून, दोनदा चढून.

देवाला नाणं, मग वळण

बोरघाटाचा रस्ता १८३० साली सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना सुरू झाला. घाटात जे शिंग्रोबाचं देऊळ आहे, त्याची गोष्ट सगळ्या ट्रक ड्रायव्हरांना पाठ असते. शिंग्रोबा हा धनगर. डोंगरातून वाट कुठून काढायची हे साहेबाला कळेना, ते याने आपल्या गुरांच्या वाटेवरून दाखवलं. आणि बक्षीस काय? तर गोष्टीप्रमाणे साहेबाने त्यालाच गोळी घातली. लोककथा आहे, कागदोपत्री पुरावा मागू नका. पण आजही गाड्या इथे हळू होतात, कुणी नाणं टाकतं, कुणी नारळ फोडतं. सीएने बीई ६ ची पहिली पूजाही इथेच केली होती. लिंबू मात्र चाकाखाली इतक्या हळू फुटलं म्हणे की कुणाला कळलंच नाही.

इथे हळू होण्याला दुसरंही कारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये याच देवळाजवळ एक खासगी बस दरीत कोसळून १३ जणांचा जीव गेला. हा घाट रेसिंगचा ट्रॅक नाही, आणि जो तसा वापरतो त्याला आमच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या रविवारी बोलावत नाहीत. घाटाची जुनी शिकवण साधी आहे : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनला गाडी धरू द्या. सारखा ब्रेक दाबाल तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो.

आता इलेक्ट्रिक गाडीला गिअरच नाहीत. मग ती उतरताना धरणार कशी? पोलोवाल्याची खरी शंका हीच होती, आणि ती बरोबर होती.

देवळावरून निघालो तेव्हा स्क्रीनवर बॅटरी ६८ टक्के. पहिल्या वळणाला त्याने सवयीने डावा पाय मारला, तिथे क्लच नव्हता, पाय कार्पेटवर आपटला. सीए नसल्यामुळे हसायला मी एकटाच. दुसऱ्या वळणाला त्याने फक्त अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि गाडी अशी आवळली गेली, जणू कुणी मागून दोर ओढला. तिसऱ्या, चौथ्या वळणापर्यंत त्याला अंदाज आला. पाय किती उचलायचा तेवढाच प्रश्न. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायची गरजच पडेना. मागे पोलोत सीए दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत येत होता, त्याचा आवाज काचेतून आत येत होता. आमच्याकडे टायरचा आवाज आणि झाडीतला कुठलातरी पक्षी.

खोपोलीत पोचलो. स्क्रीनवर ७० टक्के!

पोलोवाला काही बोलला नाही. स्क्रीनकडे बोट करून माझ्याकडे बघितलं फक्त. पेट्रोलची गाडी कितीही प्रेमाने चालवा, घाट उतरून टाकीत पेट्रोल वाढलंय असं अजून कुणाचं झालेलं नाही.

हिशेब जादूचा नाही. दोन टनांच्या आसपासची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला निव्वळ उंचीपोटी तीन युनिट वीज लागते. उतरताना मोटर उलटी होऊन जनरेटरचं काम करते आणि त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत भरते. गाडी हळू होते ती त्यामुळेच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लोणावळ्यात मुक्काम करून शंभर टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरायला निघालात, तर भरलेल्या बॅटरीत ही वीज ठेवायला जागा नसते. मग गाडी तितकी धरत नाही आणि काम ब्रेकवर येतं. वरून निघायचं असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर चार्जर काढा. हे शोरूममध्ये कुणी सांगेलच असं नाही, कारण शोरूमच्या बाहेर घाट नसतो.

शंभर वर्षांपूर्वीचा खेकडा

तुम्हाला वाटेल, ही सगळी हायटेक भानगड. पण रस्त्याच्या पलीकडे, बोगद्यांतून डोकावणारी रेल्वे आहे ना, तिने हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी करून झालाय. या घाटातली रेल्वे १८६३ ची, तेव्हा वाफेची. १९२९-३० च्या सुमारास कल्याण ते पुणे विजेची गाडी आली, आणि १ जून १९३० ला विजेच्या इंजिनावर डेक्कन क्वीन धावली. पण आपल्या गोष्टीतला हीरो मालगाडीचं इंजिन. स्विस बनावटीची, मधून वाकणारी ती लांबुडकी इंजिनं रेल्वेवाल्यांच्या तोंडी ‘खेकडा’ झाली. घाट उतरताना ही इंजिनं मोटर उलट्या चालवून वेग धरायची आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडायची. म्हणजे उतरणाऱ्या मालगाडीची वीज त्याच तारेवरच्या दुसऱ्या गाडीच्या कामी यायची! सीएची गाडी जे करते ते खेकड्याने आधीच केलं होतं. त्यातला एक खेकडा, ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा, आज दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभा आहे. दिल्लीला मीटिंगसाठी जाल तेव्हा बघून या.

आणि त्याही आधीची गोष्ट ऐका. खोपोलीत आपण गाडी लावून वडा खातो, तिथून जवळच टाटांचं वीजघर आहे, १९१५ पासूनचं. वर लोणावळा, वळवण आणि शिरोटा अशा तलावांमध्ये पावसाचं पाणी अडवायचं, डोंगरावरून पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं, त्यावर वीज बनवायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. कल्पना जमशेटजींची, पण ते १९०४ मध्येच गेले, कंपनी उभी राहिली १९१० मध्ये. तेच साडेपाचशे मीटर, तोच उतार. फक्त मोटारीऐवजी पाणी.

वीज स्वच्छ, वीज फुकट असं म्हणणाऱ्यांसाठी एक छोटीशी आठवण. याच योजनांच्या पुढच्या टप्प्यात मुळशीला धरण आलं, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट तिथलेच सेनापती. आणि आजही आपल्या सॉकेटमधली वीज बऱ्याच अंशी चंद्रपूर, कोराडीच्या कोळशाची असते. शहरात आपल्या नाकाखाली धूर होत नाही हा मोठाच फायदा आहे, दोन वर्षांच्या मुलीच्या बापाला तर आहेच. पण धूर कुठेच होत नाही असं नाही.

चढताना मात्र...

खोपोलीचं रमाकांत. जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांना पत्ता सांगायची गरज नाही. वडा, लसणाची चटणी, कटिंग, आणि आमच्यासारख्याच आणखी दोन-तीन ग्रुपची पार्किंगमध्ये चाललेली चर्चा. सध्या चर्चा सुरू होते ती ई-२० वरून. २०२५ पासून पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घसरणार हे गणितच आहे. जुन्या, मूळ त्यासाठी न बनलेल्या गाड्यांत ही घट सहा-सात टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. त्यावर रबरी पाइपांची काळजी वेगळी. व्हीटेकवाला म्हणाला, “आपण गाडीला इतकं जपतो आणि टाकीत काय जातंय ते आपल्या हातात नाही.” इलेक्ट्रिककडे वळणाऱ्या बऱ्याच जणांना प्रेमापेक्षा हा वैतागच ढकलतोय असं माझं निरीक्षण आहे.

मग निघालो वर. आता पोलोवाला स्वतःच्या गाडीत, मी शेजारी.

तिसरा गिअर. तीन हजार आरपीएम. टर्बोची ती हलकी शीळ. पुढे सिमेंटचा ट्रक. दुसरा टाकला, आवाज वाढला, रस्ता मोकळा दिसला, ट्रक मागे, पुन्हा तिसरा. अकराशे किलोच्या आतली गाडी, वळणात कशी टुणकन फिरते! पोलोवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आठवडाभर खराडीच्या सिग्नलला बसणारा माणूस हा नव्हेच.

चौथ्या फेरीत, म्हणजे दुसऱ्या चढाला, त्याने पुन्हा बीई ६ घेतली. पुन्हा एक ट्रक. या वेळी पाय दाबला आणि ट्रक गेला. बस्स. विचार करायला वेळच नाही. डोकं सीटला चिकटलं, पोटात गोळा आला, आणि संपलं. ताकद पोलोच्या अडीचपट, वजन दुप्पट, पण चढाला वजन कळतच नाही. कळतं ते वळणात, टायर कण्हतात तेव्हा. वर पोचलो तर बॅटरी ६४ टक्के. त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, “वेगवान आहे यार, प्रश्नच नाही. पण मी काय केलं? काहीच नाही केलं.”

मला वाटतं सगळ्या वादाचं मूळ या एका वाक्यात आहे. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात इलेक्ट्रिक जिंकते. शून्य ते शंभर, टॉर्क, घ्या काय हवं ते. पण गाडीवेड्या माणसाला फक्त पोचायचं नसतं, त्याला त्यात हात घालायचा असतो. गिअर चुकला तर तो चुकला, जमला तर तो त्याने जमवला. कंपन्यांनाही हे कळतं. ह्युंदाईने २०२३ मध्ये जगभरात आणलेल्या आयोनिक ५ एनमध्ये खोटे गिअर आणि खोटा इंजिनाचा आवाज दिला. महिंद्राने आवाजासाठी थेट ए. आर. रहमानला गाठलं. सीएने तो आवाज आम्हाला ऐकवला. छान आहे. पण मित्राच्या लग्नात ऑर्केस्ट्रा छान असतो तसा छान आहे.

मात्र उतरताना? उतरताना पोलोवाल्यानेच कबूल केलं की इलेक्ट्रिक भारी. हे मला अनपेक्षित होतं. गाडी हातात राहते, मन शांत राहतं, आणि मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असेल तर ती झोपलेलीच राहते. चढाला पोलो, उताराला बीई ६. पण पार्किंग एकच!

हिशेब, एकदाचा

आता सीए बरोबर होता म्हटल्यावर हिशेब होणारच. पोलोवाल्याचं महिन्याला ऑफिसचं रनिंग नऊशे किलोमीटर धरा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पोलो लिटरला दहा-अकरा देते, म्हणजे किलोमीटरला दहा रुपयांच्या आसपास. इलेक्ट्रिक घरी चार्ज केली तर युनिटला सहा-सात किलोमीटर, म्हणजे दीड-पावणेदोन रुपये. महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास वाचले. सॉलिड! पण पोलोचं लोन फिटलेलं आहे, आणि नव्या गाडीचे वीस-पंचवीस लाख कुठून यायचे? वाचलेल्या साडेसात हजारांत त्या कर्जाच्या हप्त्याचा एक कोपरा भागतो. ‘पेट्रोलचे पैसे वाचतात म्हणून घे’ असं सांगणाऱ्याला आधी त्याचा ईएमआय विचारा. ज्याला गाडी बदलायचीच आहे आणि ज्याचं रनिंग रोजचं आहे, त्याला हिशेब जमतो. रविवारपुरती गाडी काढणाऱ्याला जमत नाही.

सरकार मात्र इलेक्ट्रिकच्या बाजूने आहे. जीएसटी पाच टक्के. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने एक्स्प्रेस-वे, अटल सेतू आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिली. एक्स्प्रेस-वेचा मोटारीचा टोल एप्रिल २०२३ मध्ये एका फेरीला ३२० रुपये झाला होता. दर आठवड्याला मुंबईला जाणाऱ्याने गुणाकार करून बघावा. रेंजची भीती या मार्गावर तरी आता बाळगू नका. पुणे-मुंबई जेमतेम दीडशे किलोमीटर. जाहिरातीतला आकडा मात्र मनावर घेऊ नका. ६८२ किलोमीटर हा चाचणीतला आकडा, आणि त्या चाचणीत गाडी ताशी ९० च्या वर जातच नाही. त्याचा दोन तृतीयांश धरून चाला, म्हणजे फूड मॉलच्या चार्जरवर घाम फुटणार नाही. तिथेही एखादा चार्जर बंद, दुसऱ्यावर आधीच कुणीतरी, असं होतं. आमच्याबरोबर झालं. पाऊण तासात दोन चहा आणि एक भांडण ऐकून झालं.

तळमजला विरुद्ध दुसरं बेसमेंट

पण खरी मेख घाटात नाहीच, ती बेसमेंटमध्ये आहे. पोलोवाल्याचं पार्किंग दुसऱ्या बेसमेंटमध्ये, आणि मीटर रूम बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाला. मधली केबल साठ मीटर. त्याने कमिटीला पत्र दिलं. सेक्रेटरी काकांनी चष्मा काढून विचारलं, “आणि आग लागली तर? तुम्ही जबाबदारी घेणार का?” याने सांगितलं की केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या नियमांप्रमाणे घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे. काका म्हणाले, “नियम केंद्राचे असतील हो, बेसमेंट सोसायटीचं आहे.” विषय सर्वसाधारण सभेपुढे गेला. तिथे गच्चीच्या गळतीवर तीन तास गेले.

एक कट्ट्यावरचा सल्ला, फुकट आहे. गाडीचं बुकिंग करण्याआधी सोसायटीचं एनओसी घ्या. घरी साधा पंधरा अॅम्पिअरचा पॉइंट मिळाला तरी रोजच्या चाळीस किलोमीटरला रात्रभरात पुरून उरतं, त्यासाठी भिंतीवरचा मोठा चार्जरही लागत नाही. पण तो एक पॉइंट नसेल तर इलेक्ट्रिक गाडी म्हणजे पब्लिक चार्जरची वारी. तिथे युनिटचा दर घरच्याच्या दुपटीच्या आसपास, आणि वेळ जातो तो वेगळाच. पॉइंट नाही, तर अजून थांबा. यात मला तरी शंका नाही.

आणि टेस्ट ड्राइव्ह घ्याल ती शोरूमच्या गल्लीत घेऊ नका. सेल्समन नाही म्हणतो, पण आग्रह धरला तर निदान कात्रजपर्यंत सोडतात. शक्य असेल तर कुणा मित्राची मागा आणि बोरघाटात या. पावसाळ्यात नको, दरडी आणि धबधब्याखालची गर्दी दोन्ही असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी साडेसहाच्या आत खंडाळा गाठा, आठनंतर ट्रक आणि सहली घाट ताब्यात घेतात. उतरताना घ्या, मग चढताना घ्या. तुमची सध्याची गाडीही बरोबर असू द्या, एकापाठोपाठ चालवल्याशिवाय फरक कळत नाही. ज्यांच्याकडे गावाला अंगण आहे, आई-बाबांच्या घरी गेट आहे, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग असतोच : रोजची इलेक्ट्रिक शहरात, लाडकी पेट्रोल गावात. पोलोवाल्याचं गावातलं घर आधीच विकलं गेलंय.

त्याचं एनओसी शेवटी आलं, दुसऱ्या सभेत, तीन अटींसह. केबलचा खर्च त्याचा, फायर एक्स्टिंग्विशर त्याचा, आणि पुढे कुणी चार्जर मागितला तर त्याच केबलच्या ट्रेमधून द्यायचा. वहिनी म्हणाल्या, “चला, आता तरी घ्याल.” टोकन भरून झालंय. पोलो विकायची म्हणून तिचे फोटो तीन वेळा काढून झालेत. पहिल्या वेळी गाडी धुतलेली नव्हती. दुसऱ्या वेळी ऊन नीट नव्हतं. तिसऱ्या वेळचे, शिंग्रोबाच्या वळणावरचे, फोटो मात्र झकास आलेत. त्यातला एक सध्या त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आहे.